‘मान्य’ दाबल्याशिवाय

चामोर्शी
एप्रिल २००७

प्रिय भूपेश,

तुझं लग्न ठरल्याचं तुमच्या शेजारच्या केसरबाईंनी आठवडी बाजारात सांगितलं. मुलगी गोंडपिपरीची, आचल नाव, शिवणकाम करते, हसरी आहे म्हणे. मी हातातली वांगी परत टोपलीत ठेवली आणि घरी आले. जळून लिहितेय असं समजू नकोस. तू सुखात राहावंस असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हे पत्र लिहितेय.

आमच्या मंगलीताईचा सोनू तुला आठवत असेल. तुझ्या सायकलच्या दांड्यावर बसायचा तो. पौषात गेला. सिकलसेल होता त्याला. थंडी पडली की हाडं अशी दुखायची की म्हणायचा, "मावशी, माहे पाय तोडून टाक वं." ताई आणि भाऊजी दोघंही धडधाकट, दिवसभर नदीत जाळं टाकणारे. पण दोघांच्याही रक्तात तो दोष लपलेला होता आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. ताई अजून त्याचं स्वेटर उशाशी घेऊन झोपते.

मी अजून रक्ततपासणी केंद्रातच संगणकावर काम करते. सगळे निकाल नागपूरच्या मोठ्या संगणकात असतात, आम्ही इथून टेलिफोनच्या तारेवरून त्यात शिरतो. आधी नाव आणि पासवर्ड टाकला की झालं. मग कुठल्याशा केंद्रातल्या कोणीतरी एका मुलीचा निकाल चहाच्या टपरीवर बोलून दाखवला. तिचं ठरलेलं लग्न मोडलं आणि तिनं विहीर जवळ केली. तेव्हापासून रोज आत शिरताना आधी अटींचा पडदा येतो. इथे दिसलेलं मी कोणालाही सांगणार नाही. निकाल फक्त डॉक्टर सांगतील, ज्याचा त्याला, समोर बसवून. खाली ‘मान्य’ आणि ‘अमान्य’. ‘मान्य’ दाबल्याशिवाय दार उघडत नाही. आमचे केंद्रप्रमुख गुणवंतराव म्हणतात, "वाचत काय बसली कुंता? दाब अन् कामाले लाग." पण मी रोज वाचते. त्या मुलीसाठी वाचते. अट चुकीची असती तर बरं झालं असतं, मोडायला सोपी गेली असती.

कॉलेजच्या शिबिरात आपण दोघांनी एकाच बाकावर बसून तपासणीसाठी रक्त दिलं होतं. माझा निकाल मला डॉक्टरांनी सांगितला. मी सिकलसेलची वाहक आहे. मला कधी काही होणार नाही, पण नवराही वाहक निघाला तर लेकरू सोनूसारखं होऊ शकतं. म्हणून तर मार्कंड्याच्या घाटावर मी तुझ्या मागे लागले होते की तुझा निकाल घेऊन ये. तू हसलास. "मले काय धाड भरली? लग्न नाई करायचं तर सरळ सांग ना." आणि बल्लारपूरला निघून गेलास. तुला बोलावण्याची पत्रं मी केंद्रातून पुन्हा पुन्हा पाठवायला लावली. तू खोली बदललेली, ती परत आली. शेवटी तू गावी आलास तेव्हा त्याच घाटावर मी तुला नाही म्हटलं. तू कारण विचारत राहिलास आणि मी पायऱ्या चढून निघून आले. माझ्या रक्ताचं कारण आज सांगितलं. ते माझं आहे, त्यावर कोणाची अट नाही.

काल सकाळी तो पडदा समोर आला आणि माझं बोट चालेना. मी ‘अमान्य’ दाबलं. संगणकानं मला बाहेर काढलं. गुणवंतराव म्हणाले, "नोकरी सोडून राह्यली का?" मी पर्स उचलली आणि निघून आले. पण आधी दाबलेलं पुसलं जात नाही भूपेश, आणि पाहिलेलंही. तुझ्या पाया पडते, पत्रिका वाटायच्या आधी आचलला घेऊन केंद्रात ये. तिच्या शाळेतही आमचं शिबिर झालं होतं. डॉक्टर सोमवारी बसतात. दोघंही आपापला निकाल मागा, शेजारी शेजारी बसून ऐका. पुढे काय करायचं, काय मार्ग आहेत, ते डॉक्टर सांगतील आणि तुम्ही दोघं ठरवाल. तिला बोल लावू नकोस, तिचा काहीच दोष नाही. याहून एक अक्षरही मला लिहिता येत नाही. या उन्हाळ्यात माझ्या ओळखीतली कितीतरी लग्नं ठरली आहेत. असं पत्र मी फक्त तुला लिहिलं आहे.

तुझीच होता होता राहिलेली,
कुंता