नानासोच्या हेरल्डचं माप

१ जानेवारी १९७६, माधवनगर
आप्पासो गॅरेजवर आला. माझ्याच पलटणीतला, आता मोटार शर्यतीचा सेक्रेटरी. म्हणाला, "नाथाजी, औंदा इंजनं तपासायला तू ये. तुज्यासारकी नजर कुणाची न्हाई."
लगेच हो म्हटलं. नानासोची गाडी माझ्या हाताखाली येणार!

३ जानेवारी
चौऱ्याहत्तरची पहिली शर्यत डोक्यातून जात नाही. कवठे महांकाळच्या माळावर चुन्याच्या रेघा, अकरा गाड्या — सगळ्या एकाच बनावटीच्या, हेरल्डच. इंजिनाला हात लावायचा नाही, म्हणजे चालवणाऱ्याचाच कस. साताऱ्याकडचा ऊसवाला नानासो मला म्हणाला, "इंजनाचं हेड घासून पातळ कर, जोर वाढंल." दिलं घासून. चुकलंच माझं. तो जिंकला, पकडला गेला, आणि भर माळावर माझ्याकडं बोट केलं — "मिस्त्रीनं परस्पर केलं." त्याला नुसती समज. मला वर्षभर मैदानबंदी. पंच्याहत्तरची शर्यत मी तारेबाहेर उभा राहून बघितली. लोक माझ्याकडं बघत होते.

८ जानेवारी
नानासोकडं आता मेढ्याचा अर्जुना मिस्त्री आहे. काम माझ्याकडंच शिकला. सरळ माणूस. पण मला काय त्याचं — मला नानासो पाहिजे.

११ जानेवारी, रविवार
तिसरी शर्यत. नानासोच जिंकला. हेड उतरवून जाडीचं माप घेतलं. बरोबर निघालं. परत घेतलं — केसाचाही फरक नाही. जवळ कुणी नव्हतं. कागदावर लिहिलं, 'हेड घासलेलं', आणि सही ठोकली. कप काढून घेतला तेव्हा त्याचं तोंड डोळे भरून बघितलं.

१२ जानेवारी
अजून गोड वाटतंय.

१५ जानेवारी
अर्जुना आला. चेहरा उतरलेला. नानासोनं समितीपुढं त्याचंच नाव घेतलं. काम गेलं, मैदानबंदीही त्यालाच.
"उस्ताद, मी हात लावला न्हवता वो. तुमी मापलंय. मग कुणी घासलं आसंल?"
माझ्यावर संशय नाही त्याला! चहा सांगितला. न घेताच गेला. मला थांब म्हणवेना.

१७ जानेवारी
आप्पासोला लिहून दिलं — माप बरोबर होतं, खोटं मी लिहिलं. त्यानं दोनदा वाचलं. म्हणाला, "मग कप तूच न्हेऊन दे."
उद्या नानासोच्या दारात जायचंय.