आतल्या माणसाची सही

लायमा, ओहायो
६ फेब्रुवारी

ती. मर्लकाकांना कोल्टनचा वाकून नमस्कार.

तुम्ही तुरुंगात बसून शिकवताय, मी गाडीत झोपून शिकतोय, पण पडत्या भावात घरं घ्यायचा धंदा चाललाय. गाडीचा हीटर मेला. टोलीडोच्या रस्त्यावर एकाने चेरीचा केक खाऊ घातला, त्याबदल्यात अर्धा दिवस त्याचं कोंबड्यांचं खुराडं ठोकत बसलो. असो, मुद्द्यावर येतो.

एक घर सापडलंय. मालकीण साठीची. नाव लिहीत नाही. विकणाऱ्याचं नाव कळलं की दया येते, हा तुमचाच नियम. का विकताय, एवढं विचारलं आणि तोंड मिटून बसलो. तुम्ही म्हणता तसंच झालं, आपण गप्प बसलं की माणूस आपोआप सगळं ओकतो. तिला केंटकीत बहिणीकडे जायचंय. इथे चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसत नाही, कारण नवरा आत आहे. घर तिच्या एकटीच्या नावावर, पण आपल्या ओहायोत नवऱ्याचीही सही लागतेच. तो सुटल्यावर कुठे जाईल, हे विचारावं का?

रविवारी काकूकडे जेवतो. बरी आहे. उत्तर लवकर धाडा, लोभ आहेच.

तुमचा
कोल्टन


१४ फेब्रुवारी

चि. कोल्टनला आशीर्वाद आणि एक टपली.

सुटल्यावर कुठे जाईल हे विचारायला तू काय पाद्री आहेस? विचारायचं ते हे: नाही विकलं गेलं तर काय करणार? मग पुन्हा गप्प. तळघरात पाणी येतं का ते विचार आणि दोष तिच्याच तोंडून वदवून घे. आपण दाखवलेला दोष माणूस नाकारतो, स्वतः कबूल केलेला किंमत पाडतो.

आणि नवरा आत आहे ही तर लॉटरी समज. निम्म्या जिल्ह्याचे नवरे आत आहेत. आतला माणूस स्वस्तात सही देतो. त्याला लिही, कर थकलाय, सरकार घर जप्त करणार, सही केलीस तर निदान काहीतरी हाती लागेल. खोटं असलं तरी तो इथून काय तपासणार? बाहेरून आलेला कागद आम्ही देवाचा समजतो.

तुझ्या डोरीनकाकूला म्हणावं, जजना पत्र लिही. एप्रिलमध्ये माझ्या लवकर सुटकेचं जज बघणार आहेत. म्हाताऱ्यांच्या खोट्या सह्या करून घरं लाटली त्याचा पस्तावा होतो, असं मी लिहून दिलंय. आता ती मला घरात ठेवून घेईल, एवढं तिचं पत्र हवं. नाहीतर आणखी तीन वर्षं इथेच. नाताळपासून तिची एक ओळ नाही.

तुझा काका
मर्ल


२ मार्च

ती. मर्लकाकांना नमस्कार.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. नाही विकलं तर काय करणार, असं विचारलं. तिने घासायचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, नाही विकलं तर तो परत येईल. तळघराचं म्हणाली, पाणी येतंच, पंप बसवतो बसवतो म्हणत त्याने वर्षानुवर्षं टोलवलं.

काका, ते घर तुमचंच. मालकीण डोरीनकाकू. मीटलोफ वाढता वाढता म्हणाली होती, मर्ल तुला लोकांना काय विचारायला शिकवतो ते मला विचार बघू. मला गंमत वाटली. मग तुमचं पत्र वाचून दाखवायला लावलं. आतला माणूस स्वस्तात सही देतो, तिथे हसली, म्हणाली, तेवढं परत वाच. नंतर घडी घालून स्वतःकडे ठेवलं. मी मागितलं नाही.

डेटनचा एकजण घर घेतोय. मी नुसता मध्यस्थ. तुमच्या सहीचा कागद सोबत आहे. करबिर काही थकलेला नाही, हे मी माझ्याकडून सांगून ठेवतो.

रागावलात तरी लिहीत जा.
कोल्टन


११ मार्च

प्रिय डोरीन,

पोराने कळवलं. दिवसभर जेवलो नाही, मग हसू आलं. तू धंद्यात असतीस तर मी आत नसतो.

सही केलेला कागद पाठवतोय, इथल्या नोटरीचा शिक्काही आहे. आधी पाठवतोय, कारण तू कधी कुणाचं देणं ठेवत नाहीस. मला घरातलं काही नको. फक्त जजना तुझं पत्र जाऊ दे. ठेवून घेईन असं खोटंच लिही. सुटलो की केंटकीकडे तोंडसुद्धा करणार नाही. एवढं मी तुझ्याकडे कधी मागितलं नव्हतं.

तुझाच म्हणवणारा
मर्ल


२४ मार्च

मर्ल,

कशी आहेस हे तू विचारलं नाहीस, तरी कळवते, बरी आहे.

कागद पोचला. सही स्वच्छ आहे, आणि तुझी स्वतःची. शुक्रवारी घर गेलं. सामान कोल्टनने बहिणीकडे पोचवलं. वाटेत तीनदा रस्ता चुकला, त्यातलं एकदा मुद्दाम, कुठलंसं धरण बघायला.

जजना पत्र लिहिलं. खोटं मला जमेना. घर विकलंय आणि मी याला ठेवून घेणार नाही, एवढ्या दोनच ओळी. पस्तावा होतो असं तू त्यांना लिहून दिलंयस, म्हणून कोल्टनला लिहिलेलं तुझं पत्र सोबत जोडलं. अकरा तारखेचं मला आलेलंही जोडलं. तारखा आहेत, अक्षर ते ओळखतील.

पाकिटावर माझा पत्ता घातलेला नाही. लोभ होता, तो आता मला माझ्यासाठी लागेल.

डोरीन