एकशेऐंशीपैकी एकशेऐंशी

३ फेब्रुवारी, सोमवार
निश्चय : लाल टेस्ट दिसली की मुळाशी जायचं. आमच्या बस-तिकिटांच्या साइटवर रोज सकाळी सातला १८० टेस्ट आपोआप चालतात, रिपोर्ट मेलवर येतो. आज १४ लाल, म्हणजे नापास. दीक्षा दीदी म्हणाली, फिर से चला दे, हो जाएगा. सहा वर्षं टेस्टिंग करून ही समज. शिवाय ऑफिसात आल्या आल्या ती साइट हाताने उघडून पाहते आणि वहीत सही करते. वहीत.

५ फेब्रुवारी
एका टेस्टच्या मुळाशी गेले. सीट निवडायचं पान उशिरा उघडतं. दोन दिवस लागले. उरल्या तेरा.

७ फेब्रुवारी
लाल २१. कोड लिहिला : पडलेली टेस्ट आपोआप तीनदा पुन्हा चालेल. दीदी हसली. म्हणाली, मैं भी तो यही बोल रही थी. तिला फरक कळत नाही. ती नुसती पुन्हा चालवते. माझं धोरण आहे.

१० फेब्रुवारी, दुपारी
भार्गव सरांनी बोलावलं. १७ला सकाळी नऊला क्लायंटकडे डेमो, त्याच दिवशी माझं नोकरीचं कन्फर्मेशन. लाल रिपोर्ट पाहून क्लायंट घाबरतो म्हणाले. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, हव, तत्त्व भी रखो, पर लाल कम करो.
आईने अर्ध्या ब्राह्मणपारा मोहल्ल्याला सांगून टाकलं : आमची पोट्टी पक्की झाली. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी. पत्र तेवढं यायचं आहे.

१२ फेब्रुवारी
एरर हँडलिंग केलं. एरर आली की कोड तिला पकडतो, लॉग फाइलमध्ये लिहितो आणि टेस्ट पुढे जाते. थांबत नाही, म्हणून पडत नाही. फक्त सीटच्या पानापुरतं. लॉग सवडीने वाचेन.

१३ फेब्रुवारी
सगळ्या १८० टेस्टना लावलं. एकीला लावायचं, दुसरीला नाही, हा पक्षपात झाला.

१४ फेब्रुवारी
१८० पैकी १८०. दीदीने विचारलं, लॉग देखा? काही लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.
जेवताना बाबा त्यांच्या सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमधलं सांगत होते. धोक्याचा हूटर सारखा वाजून राहिला म्हणून नव्या ऑपरेटरनं त्यात फडकं कोंबलं, अन् भट्टी तापली ते कोणाले समजलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याले गेटवर पहाऱ्याले बसवला. अडाणीपणा, दुसरं काय. यंत्र काही सांगतंय आणि हा त्याचं तोंड दाबतो. बाबांना मी अर्धा तास समजावलं.

१७ फेब्रुवारी, सकाळी ७.०५
१८० पैकी १८०. सरांना आणि क्लायंटला मेल पाठवला. आईने गोल बाजारातून आणलेली कुर्ती घातली आहे.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी
साइट शनिवारपासून बंद होती. सर्व्हर बदलायला बंद केला, चालू करायचा राहिला. दीदीने साडेनऊला ऑफिसात येऊन साइट उघडली, उघडेना, सरांना फोन केला. तोवर सर क्लायंटसमोर रिकामा स्क्रीन घेऊन बसले होते. क्लायंटने एवढंच विचारलं की बंद साइटवर आज सकाळी तिकिटं निघाली कशी.
आजचा लॉग वाचला. १८० ओळी. सगळ्या एकच : सर्व्हर सापडत नाही. म्हणजे एरर पकडली होती, हे कोणी लक्षात घेत नाही.
कन्फर्मेशन तीन महिने पुढे.
बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुले गेटवर तं नाही बसवलं ना?

१८ फेब्रुवारी, सकाळी ९.३५
साइट हाताने उघडली. उघडते. दीदीच्या वहीत सही केली.