बंबाच्या पत्र्याचं गॅस्केट

रेवदंडा, ३ फेब्रुवारी १९३४
गफूर मिस्त्रीने अलिबागहून माझ्या मोटारीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून आणलं. तापून वाकलं होतं, ते सपाट झालं; पण नको तितकं घासलंय. आता खाली बसणार आणि आतले व्हॉल्व्ह उघडताना त्याला थडकणार. म्हणे, "डॉक्टरीणबाई, गॅस्केट एकावर एक दोन घाला. नायतर मोटार इका, बैलगाडी घ्या. बाईमाणसाला तीच बरी."
झाकणाखालच्या त्या पत्र्याच्या चकत्या दोन घातल्या की मधून पाणी झिरपणार, इंजिनाचा दम जाणार. मग हँडल मारून मी मरेन, गाडी सुरू व्हायची नाही. तसं सांगितलं, तर हसला. कॉलेजात शवविच्छेदनाच्या टेबलाशी मी एकटी मुलगी. तेव्हाचं हसणं याच जातीचं.

४ फेब्रु.
कोळीवाड्यातली जानकी तपासली. नववा लागलाय. कटीची हाडं अरुंद. आधीची दोन्ही मुलं घरीच अडून गेली. या खेपेला कळा लागताच अलिबागच्या इस्पितळात न्यायलाच हवी. बैलगाडीत पोचणार नाही.
सासू अंगणातल्या उघड्या इंजिनाकडे बघत होती. "याच्यात बसवून नेतंस माझे सुनेला? आधी चालवून दाव. नायतर आमची सुईण हाय."
म्हटलं, दाखवते.

५ फेब्रु.
माप घ्यायचं कशाने? कणीक मळली, व्हॉल्व्हवर गोळे ठेवले. जुनं जळकं गॅस्केट मधे घालून हेड आवळलं, हँडलने इंजिन सावकाश फिरवलं, पुन्हा उघडलं. दबलेली कणीक रुपयाएवढी जाड. म्हणजे तेवढी मोकळी जागा. पुष्कळ झाली. जुन्याच जाडीचं एक बस्स. विठोबा तांबटाला कळशीचा पत्रा कापायला सांगितला.

६ फेब्रु.
पोळी लाटताना हात थांबला. लाटलेली कणीक पोळपाटावर आखडत होती. म्हणजे काल हेड उचलल्यावर इंजिनातही ती अशीच आखडून जाड झाली असणार!
तांदळाची उकड काढली. ती दाबावी तशी राहते. जानकी पायरीवर बसलेली. "बाय, इंजिनाला मोदक?"
"सारण तुझ्या सासूकडून आण."
पोट धरून हसली. उकडीचे गोळे ठेवून हेड कालसारखंच आवळलं, इंजिन फिरवलं, उघडलं. उकड पोस्टकार्डाएवढी जाड. व्हॉल्व्ह तापून लांबतात, एवढीशी जागा कशी पुरेल? कालच्या मापावर गाडी काढली असती तर नागावच्या अलीकडेच इंजिन फुटलं असतं. आणि आत जानकी.

७ फेब्रु.
विठोबा वैतागला. "परवा कळशी, आज बंब! बाई, नक्की घडवायचं काय?"
"उद्या हंडा म्हटलं तर हंडा."
कळशीचा पातळ, हंड्याचाही कमी पडतो. बंबाचा पत्रा लावून पाहिला, उकड मनासारखी जाड राहिली. दोन गॅस्केटांपेक्षा तो पातळच, म्हणजे दमही राहील. एकच, अखंड. तांबं लाल करून पाण्यात बुचकळलं, मऊ झालं. कड मी स्वतः घासली.

९ फेब्रु.
बसवलं. नट मधून बाहेर, फेरीफेरीने आवळले. तिसऱ्या हँडलला इंजिन बोललं! चौलपर्यंत जाऊन आले. थडकल्याचा आवाज नाही. उजव्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब. गरम असतानाच पुन्हा आवळलं.
गफूर मुद्दाम बघायला आला. "बंबाचा पत्रा? कुठं असं करतात काय?"
"इथं करतात."
कान लावून बराच वेळ ऐकत उभा होता. "चौल काय, कोण पण जाईल. अलिबाग लांब हाय."

११ फेब्रु.
सकाळी पाहिलं. तोच कोपरा, पुन्हा एक थेंब. थेंबच, धार नाही. दुपारी उघडून बघणार होते, तेवढ्यात जानकीचा नवरा धावत आला. कळा सुरू.
सासू वाटेत आडवी होईल म्हणून तयारीने अंगणात आले. ती आधीच मोटारीत पुढच्या सीटवर, मांडीवर नारळ; मागे जानकी. "बगतेस काय, बाय? हाण हँडल."
पाण्याचे दोन डबे घेतले. नट आवळायचा पाना सासूच्या हातात दिलाय. निघतो.