सैल कवळी

प्रिय दादा,

आईच्या पायांचं कोडं सुटलं. मीच सोडवलं, मज्जातंतूंची डॉक्टर उगाच नाही झाले!

वर्षभर तिच्या पावलांना जमीन कळत नव्हती, डोळे मिटले की तोल जायचा. दोन डॉक्टरांनी ‘वय झालं’ म्हणून हात झटकले. मी रक्त तपासलं, तर तांबं जवळजवळ नाहीच आणि जस्त भरमसाट. ते येतंय कुठून? परवा तिची पर्स उपडी केली. आत कवळी चिकटवायच्या पेस्टच्या चार ट्यूबा! दोन दिवसांत एक संपवायची. त्यातलं जस्त पोटात जाऊन तांबं हुसकावत होतं.

दातांचा दवाखाना उघडल्यावर तू केलेली ती पहिलीच कवळी. पहिल्या दिवसापासून सैल.

“मग दादाला सांगायचं नाही?” मी आईवर ओरडलेच.

“मस्त बसलीये म्हटलं, तर त्याचा चेहरा काय फुलला होता गं! सांगशील तर माझ्या गळ्याची शपथ.”

म्हणून हे पत्र पाठवत नाही. पेस्ट बंद करून तांब्याच्या गोळ्या दिल्यात. आता तिचा तोल आणखी बिघडणार नाही, हे मी छातीठोक सांगते.

रविवारी ती ‘हिरड्या आकसल्या’ म्हणत तुझ्याकडे येईल. फोनवर एवढंच सांगेन, की तिला विचारू नकोस, स्वतः बघ. मीही वर्षभर विचारत होते. “बरी आहे गं,” म्हणायची, आणि मी ते केसपेपरवर लिहून घेत होते.

तुझ्याइतकीच फसलेली,
धाकटी