धावत्या यादीवरचं बोट

ता. मारेगाव
९ डिसेंबर २०२५

लाडक्या नयन,

ताईचा लय लय आशीर्वाद. इकडं आम्ही बरे हावो. तुह्ये भाऊजी कापसाच्या गाडीसंगं वणीले गेले. सलोनीले आठ दात आले, भिताडाले धरून चालते.

तू फोनवर म्हणे, "ताई, मोबाईलवरच्या याद्या बोटानं वर-खाली कशा सरकाव्या, हेच माहं कंपनीतलं काम हाय. तुमाले काय तरास होते ते लिहून पाठव." त लिहून राह्यली. हासू नको.

कापूस येचून बोटं खरबडी झाली. पयले यादी हालतच नाई, मंग दावं तोडलेल्या गाईवानी सुटते. आपण कोठं आलो ते दाखवाले बाजूनं एक बारीक रेघ रायते, पाहाले जावं त गायब. आन सगळ्यात वाईट म्हंजे, पयती यादी थांबवाले बोट ठेवलं त त्याले वाटते आपण नावच दाबलं. हे आधी नीट कर. बाकीचं रायलं त राहू दे.

काहून म्हणतो ते सांगतो. घरी कोणालेच माहीत नाई.

दिवाळीनंतर अंगणवाडीत गेलती. सेविका मैनाबाई लेकराइचं वजन करून राह्यली होती. तिच्या डोयात मोतीबिंदू. मले म्हणे, "व सलोनीच्या माय, घे मोबाईल, टाक तुह्या पोरीचं वजन. सहावी शिकली ना तू, कलेक्टरीन बाई!" सलोनी मांडीवर केकाटून राह्यली होती. लेकराइच्या नावाची यादी पयाली, मी थांबवाले बोट ठेवलं. तिचं नाव उघडलं, खाली नाव कमी कराची यादी निघाली: दुसऱ्या गावी गेली, मोठी झाली, मयत. तेही पयाली, तेही मी बोट ठेवून थांबवली. एक चौकट आली. वाचलीच नाई. पोट्टीवर खेकसली, "चूप बस ना मेले!" आन 'हो' दाबलं.

मंग वाचलं. सलोनी, मयत.

तोंडातून तेच, बोटातून तेच, एकाच टायमाले. मोबाईल उलटा ठेवला आन घरी आली.

मांगच्या हप्त्यात मैनाबाईच्या वरची मोठी बाई तपासणीले आली. सगळ्याइसमोर मैनाबाईले म्हणे, "जित्या लेकराले मारता? काढून टाकीन कामावरून!" ते बुढी माह्याच पाया पडाले वाकली. "माह्याच हातून झालं असन व पोरी, डोये चालत नाई." मी पाय मांगं घेतले आन घराकडं निघाली.

तवापासून दिवसातून किती खेपा सलोनीच्या नाकासमोर बोट धरतो. तेच बोट. ऊन ऊन श्वास लागते, तरी पुन्हा धरतो. शेजारीण लाडानं तिले "इकडं ये व मेले" म्हणते, त माह्या हातातली परात पडते.

थांबवाले ठेवलेलं बोट म्हंजे 'हो' नाई, नयन. येवढं त्या मोबाईलले समजलं पाह्यजे.

उद्या मोठी बाई मैनाबाईचा खुलाशाचा कागद न्याले येते. 'चूक माही' असं त्यात मैनाबाईनं लिवलं. हे पत्र टपालात टाकतो आन आजच तिच्या घरी जातो. तुले लिवता आलं, त तिले सांगताही येईन.

खालच्या निळ्या रेघोट्या सलोनीच्या हायेत. लिवता लिवता तिनं पेन वढला. मी खेकसली नाई, काढू देल्या. कागद जपून ठेव.

जित्या सलोनीची माय,
तुही ताई