भुलीआधी काढलेले दात

आई, आज भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंशी मी खोटं बोलल्याचं उघड झालं. त्या खोट्यातून काय ओढवलं असतं हे तुझ्याइतकं कुणाला कळणार नाही, म्हणून तुला लिहायला बसले आहे. हर्नियाचं ऑपरेशन होतं. तुझ्या काळी हर्नियाचा माणूस आठवडाभर वॉर्डात पडून असायचा. आता सकाळी उपाशीपोटी जायचं, भूल घ्यायची आणि दिवेलागणीला घरी. अट एवढीच, की सोबत घरचं मोठं माणूस हवं. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी, म्हणून सून आली.

तुला ठाऊक नसलेलं एक सांगते. माझे वरचे पुढचे चार दात माझे नाहीत. तू गेल्यानंतर जिन्यात पडले, तेव्हा ते गेले. गिरगावातल्या दंतवैद्याने इतकी बेमालूम प्लेट करून दिली, की तुझे जावई वारल्यावर हे जाणणारं घरात कुणी उरलं नाही. सुनेसमोर मी कधी साधी चूळ भरलेली नाही. ती आली त्या दिवसापासून भाजी कशी चिरायची, दार कसं लोटायचं, सगळं मी तिला शिकवते आहे. तिच्यासमोर बोळकं तोंड घेऊन बसणं मला शक्य नव्हतं. त्यामुळे तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कवळी, हलणारा दात, काही आहे?" तेव्हा शेजारच्या खुर्चीत सून होती आणि मी सरळ म्हटलं, "नाही." त्यांनी घशात बॅटरी मारली आणि वर म्हणाल्या, "आजी, या वयात काय सुरेख दात हो!" आज सकाळी सिस्टरने पुन्हा तेच विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. बांगड्या आणि चष्मा सुनेकडे दिला, ती बाहेर जाऊन बसली.

मग मी ट्रॉलीवर, थिएटरच्या दाराशी. गार वारा, चष्म्याविना सगळं पुसट, आत कुणीतरी इंजेक्शनं भरतंय. जीभ एकसारखी प्लेटवर जाते आहे. आणि तू दिसतेस. परळचं हॉस्पिटल, डोक्यावर नर्सची पांढरी टोपी, थिएटरचं दार अडवून उभी. मी कॉलेजातून तुझा डबा घेऊन आले आहे. चांगल्या घरची एक बाई तोंडावर पदर धरून रडते आहे आणि तू सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल असं ओरडतेस, "दात काढ गो! हयसर लाजतंस, नि आत गुदमारलंस तर?" मला तेव्हा तुझी लाज वाटली होती. इतकी वर्षं मी तो आवाजच तेवढा लक्षात ठेवला. पुढचं आज आठवलं. ओरडून झाल्यावर तू तळहात पुढे केलास आणि तोंड भिंतीकडे वळवलंस. हातात कवळी पडेपर्यंत वळली नाहीस. न बघताच गॉजमध्ये गुंडाळलीस आणि तिच्या नवऱ्याकडे दिलीस.

ट्रॉली हलली तशी मी म्हटलं, "थांबा. तोंडात प्लेट आहे."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "तपासणीला तर नाही म्हणालात!"

"खोटं बोलले."

"अहो आजी, नळी घालताना ती सुटली असती तर..." मला आजी म्हटलेलं आवडत नाही, पण आज ते सांगायची सोय नव्हती. वस्तू नातेवाइकाच्याच हाती द्यायची असा तिथला नियम, म्हणून सुनेला बोलावलं. डोक्यावर कागदी टोपी, चेहरा पार उतरलेला.

"काय झालं आई?"

"हात पुढे कर. आणि तिकडे बघ."

"का?"

"बघ म्हटलं ना!"

डॉक्टरीणबाईंनीच सांगून टाकलं. सून माझ्याकडे बघतच राहिली. "एवढंच? मला वाटलं आत काहीतरी भलतंच झालं. मी नाही बघत तिकडे. जीव घेतलात माझा. काढा आधी!" इतक्या वर्षांत तिचं पहिलं उलट उत्तर. मी तिच्यादेखत प्लेट काढली. तिने मूठ मिटली.

तोंडावर मास्क आला, "मोठा श्वास घ्या" ऐकलं, नंतरचं काही नाही. जाग आली तेव्हा घसा खरखरत होता आणि जीभ आधी त्या रिकाम्या जागेवर गेली. संध्याकाळी टॅक्सीत मी ड्रायव्हरला हळू चालव म्हणून दम दिला, तर सून म्हणते, "राहू द्या आई, आज तुमचं ओरडणं फुसकंच निघतंय." हसले. टाके ओढले.

भुलीमुळे उद्यापर्यंत कुठल्याही कागदावर सही करायची नाही अशी सूचना आहे, म्हणून याखाली सही नसेल. तू पेशंटच्या वस्तूंची करायचीस तशी नोंद मात्र करते. सुनेच्या हाती दिलं ते असं: दोन बांगड्या, चष्मा, चार दातांची प्लेट. बांगड्या आणि चष्मा परत मिळाला. प्लेट तिच्याकडेच आहे. रात्रीची पेज मी तिच्यासमोर बसून प्यायले, आणि प्लेट अजून मागितलेली नाही.